नमुन्याचा पाय

कारखान्यात त्याला सगळे 'आठ नंबर' म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी कोणीतरी पुकारायचं, तेव्हा तोसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघायचा. बुटाचा नवा प्रकार काढायचा तर आधी एकाच मापाचा नमुना करतात, आठ नंबरचा. तो पायात नीट बसला की मग त्यावरून सात, नऊ, दहा अशी बाकीची भावंडं जन्माला घालायची. आणि नीट बसला की नाही हे सांगायला एक पाय लागतो. तो पाय ह्याचा. तरुणपणी नोकरी मागायला आला तेव्हा कोणीतरी सहज त्याचं पाऊल मापाच्या फळीवर ठेवलं, तर ते लांबीला, रुंदीला, वरच्या घेराला, सगळीकडून रेघेला रेघ लागून आठ भरलं. असा पाय शोधून सापडत नाही, असं साहेब म्हणाले. त्या दिवसापासून गडी पायांवर पोट भरत होता.

लोकांना वाटायचं, मजा आहे लेकाची! नवेकोरे बूट घालून हिंडायचं, वर पगार. एकदा करून बघा म्हणावं. सकाळी आल्याआल्या डाव्या पायात एक नमुना, उजव्यात दुसरा, दोन्हींच्या टाचा वेगळ्या. तसंच पळायच्या यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चढायचं. घाम निघाला की मागच्या आवारात सिमेंटवर गोल गोल पळायचं, मग जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मग खुर्चीत बसून सांगायचं, इथे चावतो, तिथे घसरतो, करंगळी चेपते. जेवण झालं की दुसरी जोडी. संध्याकाळपर्यंत पाय आपले आहेत की उसने आणलेत हेच कळेनासं व्हायचं.

इतक्या वर्षांनी व्हायचं तेच झालं. टाचा गेल्या. सकाळी बिछान्यातून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंत धरून, कपाट धरून, दाराची चौकट धरून माणूस कसाबसा न्हाणीघरापर्यंत पोचायचा. बायको चहा करता करता बघायची. आधी आधी ती म्हणायची, "अहो, सावकाश." मग म्हणेनाशी झाली. तिचंही काम दिवसभर उभ्यानंच, लाँड्रीत इस्त्रीचं. संध्याकाळी जेवणं उरकली की ती पलंगाच्या कडेला बसायची, त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि अंगठ्यांनी तळवा चेपत राहायची. हे लग्नापासून चाललेलं. दोघंही इतकी दमलेली असत की चेपता चेपता तिची मान लवायची आणि ह्याचा डोळा लागायचा.

लग्नाचीही गंमतच. तिचा थोरला भाऊ, दादा, ह्याच कारखान्यात लाकडी साचे घडवायचा. ज्यावर कातडं चढवून बूट बनवतात तो साचा. आठ नंबरचा साचा त्यानं ह्याच्याच पायावरून तासला होता. पाय इतका आवडला की घरी जाऊन म्हणाला, पाय सरळ आहे, माणूसही सरळच असणार, आणि बहीण देऊन टाकली. कारखान्यात दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. घरात मात्र बहिणीचा नवरा म्हणून दादा त्याला 'जावईबापू' म्हणे आणि 'तुम्ही', मग भले शिव्या द्यायच्या असोत.

नोकरीची अट साधी होती. पाय जपायचा. अनवाणी हिंडायचं नाही, वजन वाढू द्यायचं नाही आणि दर तीन महिन्यांनी पाय फळीवर ठेवून मोजून घ्यायचा. मोजायचं काम दादाकडे. पहिली काही वर्षं त्यानं इमानेइतबारे मोजलं. आकडे तेच. मग त्याला कंटाळा आला. "तुझं काय मोजायचं रे? सूर्य उगवला का तेही मोजू?" असं म्हणत तो मागचेच आकडे वर कळवून टाकायचा. साहेबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अख्ख्या कारखान्याची त्या एका पावलावर अशी श्रद्धा बसली होती.

टाचांसाठी डॉक्टर झाले. बुटात मऊ गाद्या घालून झाल्या, सुया टोचून झाल्या. शेवटी डॉक्टरांनी कंटाळून त्याला दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईकडे पाठवलं. बाईनं बूट-मोजे काढायला लावले, समोर एक पंचा टाकला आणि म्हणाली, "पायाच्या बोटांनी हा गोळा करा."

आठ नंबरनं दातओठ खाऊन जोर लावला.

"बोटं हलवा," बाई म्हणाली.

"हलवतोय की."

"भुवया हलवताय तुम्ही."

खरंच. बोटं ढिम्म. बाई हसली नाही, तिलाही दिवसभर असेच पाय बघून वीट आला असावा. तिनं सांगितलं, पावलात छोटे छोटे स्नायू असतात, तळव्याची कमान ते उचलून धरतात. तुमचे स्नायू वर्षानुवर्षं गादीवर लोळून आळशी झालेत, कमान बसलीय, म्हणून सगळी ओढ टाचेवर येते. घरात अनवाणी चाला. मग गवतावर चाला. ते जमलं की गवतावरच थोडं थोडं पळा. "पण घाई नको," ती म्हणाली. "ह्यानं सगळ्यांनाच बरं वाटतं असं नाही. घाई करणाऱ्यांना तर मुळीच नाही."

आता पळणं हा ह्याचा धंदा! त्याला कोणी सांगायचं, थोडं पळ म्हणून? पाण्याच्या टाकीमागे एक गवताळ मैदान होतं. काही दिवस तो तिथे पहाटे मुकाट चालला. मग एका सकाळी गार गवत तळव्यांना लागलं, अंगात वारं शिरलं आणि गडी मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारत सुटला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्या. दोन-चार दिवसांनी पावलाची वरची बाजू सुजून टम्म. व्यायामवाल्या बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हाडाला ताण बसलाय. अजून एकदा पळाला असतात तर तडा गेला असता. मी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली. ह्यानं शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली. कारखान्यात सांगितलं, जिन्यावरून घसरलो. तिथे कोणी शंका घेतली नाही, कारण इतके जिने चढणारा माणूस कधीतरी घसरणारच.

सूज उतरली तसा तो पुन्हा मैदानावर गेला. ह्या वेळी शहाण्यासारखा. आधी नुसतं चालणं. मग मैदानाची एकच बाजू पळायची, बाकीच्या चालायच्या. महिने गेले. गवतावर टाच आपटून पळताच येत नाही, आपटली की तीच ओरडते. मग पावलं आपोआप लहान पडायला लागली, चवड्यावर, हलकी. बोटं हलायला लागली. पंचा गोळा व्हायला लागला. आणि एका सकाळी बिछान्यातून उठून तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. बायकोनं वळून बघितलं, मग त्याच्या पायांकडे बघितलं.

"भिंत नाही धरलीत," ती म्हणाली.

"नाही धरली," तो म्हणाला, आणि त्याला भरून आलं. टाचेसाठी कसलं रडायचं, म्हणून त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

कारखान्यात मात्र त्यानं अवाक्षर काढलं नाही. अट मोडली होती ना.

त्याच सुमारास नवा बूट निघाला. काळा, साधा, कामावर घालायचा. दवाखान्यातल्या नर्सा, हॉटेलातले वाढपी, दुकानातले विक्रेते, म्हणजे दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी. आठ नंबरनं नमुना घातला, पळाला, जिने चढला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "वरून आवळतोय." दादानं साच्याचा माथा थोडा चढवला. पुन्हा घातला. "अजून आवळतोय." दादानं आणखी चढवला. "आता कसं झक्क!" आठ नंबर म्हणाला, आणि तो अगदी मनापासून म्हणाला. बूट बनले, खोक्यांत भरले, गेले.

आणि परत आले. पोतीच्या पोती. पाय आत पुढे सरकतो, बोटं टोकाला आपटतात, नखं काळी पडतात, अशी सगळ्यांची एकच रड. परत आलेल्या जोड्या तपासायला ह्यालाच बसवलं. एका जोडीच्या टोकात कापसाचे बोळे कोंबलेले होते आणि त्यांवर वाळलेलं रक्त होतं. कोण्या बाईनं किंवा बाप्यानं पाय सरकू नये म्हणून ते कोंबले असतील आणि तसंच दिवसभर उभं राहून ताटं वाहिली असतील. आठ नंबर तो बूट हातात घेऊन बसून राहिला. दुखऱ्या पायावर दिवसभर उभं राहिलं की काय होतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

त्या संध्याकाळी दादा घरी आला. चपला दारातच भिरकावल्या. साचा बिघडवला म्हणून साहेबांनी दिवसभर त्याला फैलावर घेतलं होतं.

"जावईबापू," तो म्हणाला, "पाय दाखवा."

"अरे दादा, आधी पाणी तरी घे," बायको म्हणाली.

"पाणी नको. पाय!"

आठ नंबरनं पाय पुढे केला. दादानं तो दोन्ही हातांत धरला. ह्या पायावरून त्यानं इतके साचे तासले होते की डोळे मिटून ओळखला असता. त्यानं कमानीखाली बोट घातलं, वरून पंजा फिरवला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा काय प्रकार आहे? कमान वर गेलीय. पाऊल आखूड झालंय. हा तुमचा पाय नाही."

"माझाच आहे रे."

"माझ्या साच्यातला नाही! काय केलंत काय तुम्ही?"

मग सगळं बाहेर आलं. मैदान, गवत, अनवाणी पळणं. दादा ऐकता ऐकता मटकन खाली बसला. "अहो, माणसं दारू पितात, पत्ते खेळतात. तुम्हाला लपूनछपून करायला हेच सापडलं? तब्येत सुधारायला?" बायकोला हसू फुटलं, तिनं पदर तोंडाला लावला. दादाला मात्र हसू येईना. तीन-तीन महिन्यांनी न मोजता आकडे कळवणारा तोच होता. त्यानं एकदा जरी फळी काढली असती तरी पुढचं काही झालं नसतं. त्यालाही ते कळत होतं, आणि म्हणूनच तो इतका तडकला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं साहेबांच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि दोघांनी आपापलं सांगून टाकलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोकं धरलं, खिडकीबाहेर बघितलं, दादाला चार शब्द सुनावले आणि मग आठ नंबरकडे वळले.

"बूट घाल. दिवसभर घाल, घरातसुद्धा. पळणं बंद. जो पाय वर चढला तो खालीही बसेल. तीन महिन्यांनी मी स्वतः मोजेन. आठ भरला तर तुझी जागा तुझी. नाही भरला तर मला दुसरा पाय शोधावा लागेल. तुझा माझ्यापुढे इलाज नाही, आणि माझा धंद्यापुढे नाही."

आठ नंबर हो म्हणाला. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? ह्या वयात दुसरं काय येत होतं त्याला? हातात कला नाही, डोक्यात हिशेब नाही. जे काही होतं ते घोट्याखाली.

त्यानं बूट घातले. मैदानाकडे जाणारा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं कामावर जाऊ लागला, उगाच जीव जळायला नको म्हणून. पहिले काही आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी टाचेत बारीकशी टोचणी लागली. मग तिचा खिळा झाला. मग भिंत आली, कपाट आलं, चौकट आली.  त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर बायको पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं मांडीवर थोपटलं, इथे ठेवा म्हणून. त्यानं पाय ठेवला. 

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी तो पलंगावर पडला होता आणि ती चेपत होती. सहज त्याची नजर तिच्या हातांकडे गेली. उजवा अंगठा सांध्यापाशी सुजून वाकडा झाला होता. थोडं चेपलं की ती हात बदलायची, डावा लावायची, मग तोही दुखला की कोपरानं रेटायची. हे ती कधीपासून करत होती? इतकी वर्षं तो तिच्यासमोर पाय पसरून पडत होता आणि ही गोष्ट त्याला आज दिसली. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पाय ओढून घेतला.

"काय झालं? जोरात लागलं?"

"नाही. पुरे आता."

"उद्या मोजणी आहे ना? चांगला मोकळा होऊ दे की."

"मोकळा झालाय," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी अंघोळ करून तो न्हाणीघराबाहेर आला तेव्हा फरशीवर त्याची ओली पावलं उमटली. त्यानं वाकून बघितलं. कमान अजून पुरती बसली नव्हती, मधे कोरडी फट होती. मग त्यानं पाऊल मुद्दाम ढिलं सोडलं, आतल्या बाजूला कलू दिलं, सगळा भार खाली ओतला. उचललं, तर फट गायब. पूर्ण, सपाट, लांब ठसा. जुना आठ. म्हणजे जमत होतं. फळीवर एवढंच करायचं, आकडा भरायचा, आणि मग पाऊल तसंच ठेवायचं, म्हणजे पुढचा नमुना खऱ्या आठवर बसेल आणि बूट पुन्हा परत यायचे नाहीत. मग त्यानं पाऊल पुसलं आणि मोजे चढवले.

मोजायला साहेब, फळी धरायला दादा. आठ नंबरनं मोजे काढले आणि पाऊल फळीवर ठेवलं. दादानं सरकपट्टी बोटांना लावली. मग वरचा घेर घेतला.

"लांबीला कमी पडतोय," साहेब म्हणाले. "घेर जास्त."

"गार आहे साहेब, आखडला असेल. पुन्हा घेतो," दादा म्हणाला, आणि खाली वाकल्या वाकल्या दातांतून पुटपुटला, "ढिला सोड. ढिला सोड रे गाढवा."

आठ नंबरनं आपल्या पावलाकडे बघितलं. फार काही करायचं नव्हतं. नुसतं दमून उभं राहायचं होतं, आणि दमलेला तर तो होताच. टाच ठणकत होती. पावलातल्या त्या छोट्या स्नायूंना धरून ठेवायला कष्ट पडत होते.

"साहेब," तो म्हणाला, "पाय ढिला सोडता येतो मला. सोडला तर आत्ता आठ भरेल."

"मग सोड की!"

"सोडला की तो तसाच ठेवावा लागणार, नाहीतर पुढचे बूटही परत येतील. म्हणजे टाच पुन्हा कायमची गेली. नाही सोडत मी."

दादानं कपाळावर हात मारला. साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"मग काय करशील?"

"काहीही द्या. गोदाम द्या, खोकी बांधायला द्या. उभ्यानं करायचं काहीही करेन. बूट काढून दोन आठवडे द्या, दिवसभर उभा राहून दाखवतो."

"तिथे जागा नाही. तुला माहीत आहे ते."

"माहीत आहे," आठ नंबर म्हणाला.  त्यानं मोजे खिशात कोंबले, बूट हातात घेतले आणि बाहेर आला.

मागच्या आवारात, जिन्याच्या तळाशी तो पायरीवर बसला.  उद्या सकाळी उठून कुठे जायचं, हे लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला माहीत नव्हतं. दादा तणतणत मागोमाग आला.

"एक क्षण रे! एक क्षण सोडला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"एक क्षण कुठला, दादा? जन्मभर सोडून ठेवावा लागला असता."

"आणि घरी काय तोंड दाखवणार आहेस? काय सांगणार आहेस माझ्या बहिणीला?"

"सांगेन, माझी नोकरी गेली. आणि तुझीही सुटली."

"तिची कशाला सुटेल? तिला कोणी काढलं?"

"पाय चेपायची," आठ नंबर म्हणाला. "लग्न झाल्यापासून करतेय. तापातसुद्धा केली तिनं. तिचे अंगठे बघितलेस का कधी?"

दादानं बघितले नव्हते. तो पायरीवर त्याच्या शेजारी बसला.